मुंगी दाव्यात लिहा



मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही पोरं-पोरी एका गावात सामूहिक वनहक्काच्या दाव्याचं काम करत होतो. ग्रामसभेपुढे यादी चालली होती. गावाला जंगलातून काय काय मिळतं ते एकजण विचारत होता, दुसरा लिहून घेत होता. तेंदूपानं झाली, मोहफूल झालं, टोळी, चार, हिरडा, बेहडा, डिंक, बांबू, वास्ते, सात्या, मध, सगळं झालं. तेवढ्यात मागे बसलेली एक आजी म्हणाली, "अन् मुंग्या? मुंग्या नाही लिवल्या?"

सभा हसली. लिहिणारा पोरगा आपल्यातलाच, बारावी शिकलेला. तो म्हणाला, "आजी, हा सरकारी कागद हाय. यात मुंग्या कशा लिहाच्या?" आजी गप्प बसली. आम्हीही हसलो होतो, हे पहिलेच कबूल करतो.

पुढे पडताळणीचा दिवस आला. नकाशा पसरला. नाल्यापलीकडच्या टेकडीवर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, "इथं तुमचा वापर काय?" कोणी बोललं नाही. त्या टेकडीवर तेंदू फारसा नाही, बांबू नाही. तिथं आहे आंबा, जांभूळ, ऐन, करंज अशी मिसळ झाडं आणि त्या झाडांवर लाल मुंग्यांची घरटी. होळी झाली की गावातल्या बाया दर साली तिथं जातात. त्यांच्या आयाही जात होत्या. पण यादीत मुंगी नव्हती, म्हणून कागदावर वापर नव्हता. गावाची हद्द नाल्यावरच थांबली. एक आख्खी टेकडी आम्ही हसण्यात घालवली.

म्हणून हा लेख. आमचं म्हणणं एवढंच आहे की मुंगी दाव्यात लिहा. वाळवीचे पंखवाले किडे खात असाल तर ते लिहा. कोशातला किडा खात असाल तर तोही लिहा. जे अन्न आपण लाजेने लपवतो, त्या अन्नाची जमीन आपल्या हातून जाते.

ही लाज आली कुठून?

आपल्या घरात ही लाज नव्हती. आपण लहान होतो तेव्हा बाप झाडावर चढायचा, फांदी तोडून घरटं टोपलीत किंवा फडक्यात झटकायचा. मुंग्या चावायच्या, आपण नाचायचो, सगळे हसायचे. पांढरी अंडी आणि अळ्या वेगळ्या निघायच्या. आई पाट्यावर मिरची, मीठ, लसूण घालून वाटायची. पेजेसोबत ती आंबट चटणी असली की दुसरं काही लागत नव्हतं. तो आंबटपणा मुंगीच्या अंगातल्या आम्लाचा असतो. त्यालाच फॉर्मिक आम्ल म्हणतात.

लाज आली शाळेत. आपण वसतिगृहात गेलो. तिथं कोणीतरी विचारलं, "तुम्ही मुंग्या खाता म्हणे?" त्या दिवसापासून आपण खोटं बोलायला लागलो. विज्ञानाच्या पुस्तकात प्रथिनांसाठी डाळ, दूध, अंडी, मांस, मासे असं लिहिलेलं होतं, ते पाठ केलं. आपल्या पानातली प्रथिनं त्या यादीत नव्हती. तेव्हा आपण पुस्तकाला प्रश्न विचारला नाही, उलट घरचं पानच खोटं ठरवलं.

आता मोजून बघू

आजी सांगते म्हणून खरं, एवढ्यावर साहेब ऐकत नाहीत. मग ज्या भाषेत ते ऐकतात त्या भाषेत बोलू. अरुणाचल प्रदेशातले आदिवासीही हीच लाल मुंगी खातात. कोकणात तिला ओंबील म्हणतात, बस्तरकडे चापडा. अरुणाचलातल्या मुंगीची प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि २०१६ साली ती छापून आली. वाळवलेल्या १०० ग्रॅम मुंग्यांत सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं निघाली आणि १५ ग्रॅम चरबी. त्याच तपासणीत वाळवीच्या किड्यांत सुमारे ३४ ग्रॅम प्रथिनं आणि ५१ ग्रॅम चरबी निघाली. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात ७ च्या आसपास.

पण आपण व्यापाऱ्यासारखं फुगवून सांगायचं नाही. हे आकडे वाळवलेल्या मुंग्यांचे आहेत. ताज्या मुंग्यांत चार भागांतले जवळपास तीन भाग पाणीच असतं. म्हणजे ताज्या १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं धरा. अंड्यातही वजनाच्या मानाने तेवढीच असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम मुंग्यांची चटणी खाल्ली तर ४ ग्रॅम प्रथिनं मिळाली. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. अजून एक गोष्ट. किड्याच्या कवचातही नायट्रोजन असतो आणि प्रयोगशाळा नायट्रोजन मोजूनच प्रथिनांचा हिशेब लावते. म्हणून किड्यांचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसतो. एवढं सगळं वजा केलं तरी जे उरतं ते अन्नच आहे, आणि चांगलं अन्न आहे.

ते चांगलं कशासाठी, हेही समजून घेऊ. आपलं मुख्य खाणं भात आणि पेज. धानाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. तो कमी असला की बाकीचं प्रथिनही शरीराला पुरतं वापरता येत नाही. डाळीत लायसिन असतं, आणि खाण्याच्या बहुतेक किड्यांतही असतं. म्हणजे पेजेसोबत मुंगीची चटणी हे खाणं काही कमअक्कल नव्हतं. मुंगीत लोह आणि जस्तही असतं. आपल्या किती बायांच्या अंगात रक्त कमी निघतं, ते दवाखान्यातल्या कार्डावर पाहा. कॅल्शियम मात्र किड्यांत साधारण कमीच असतं. किड्याला हाड कुठून असणार? त्यासाठी नाचणी आहे, काट्यासकट खायचे लहान मासे आहेत.

सगळे किडे सारखे नाहीत. वाळवीचे पंखवाले किडे पहिल्या पावसात संध्याकाळी निघतात. आपण दिव्याखाली पाण्याचं भांडं ठेवतो, ते त्यात पडतात. पंख झाडायचे, तव्यावर भाजायचे. त्यांच्यात निम्मी चरबी असते, आणि चरबीत प्रथिनापेक्षा दुप्पट ताकद असते. हे किडे निघतात केव्हा, तर कोठी रिकामी होत आलेली असते आणि नांगरणी-रोवणीचं भारी काम समोर असतं तेव्हा. ज्यांनी हे खाणं ठरवलं त्यांनी शाळा पाहिली नव्हती, पण पोटाचं पंचांग त्यांना नीट येत होतं.

कोंबडी आपल्याआधीच शिकलेली आहे

आपल्याकडे पिल्लं निघाली की म्हातारी माणसं वारूळाचा तुकडा आणून अंगणात फोडतात. पिल्लं वाळवी टिपतात आणि पाहता पाहता वाढतात. याला आपण कधी 'पशुखाद्य' म्हटलं नाही. शहरात आता यालाच ते नाव आहे. कोंबडीच्या आणि माशांच्या कारखानी खाद्यात सोयाबीनची पेंड आणि सुक्या मासळीचा चुरा घालतात. त्यांचे भाव चढले म्हणून जगभर किड्यांकडे लक्ष गेलं. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या भाजीबाजारातल्या सडक्या कचऱ्यावर वाढवतात. त्या वाळवल्या की सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी निघते. बाकी किड्यांत कमी असणारं कॅल्शियमही यांच्यात भरपूर असतं. रेशमाचा धागा काढल्यावर उरलेला कोशातला किडाही कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जातो. ऐनावर, अर्जुनावर टसरचा कोसा करणाऱ्या आपल्या भावांना हे माहीत पाहिजे, कारण जो उरलेला माल आपण फेकतो त्यालाही भाव असतो.

युरोपच्या देशांनी २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. २०२१ मध्येच तिथं पिठात होणारी एक पिवळी अळी माणसाचं अन्न म्हणून मंजूर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने तर २०१३ मध्येच जाडजूड अहवाल काढला आणि जगात १,९०० हून जास्त प्रकारचे किडे खाल्ले जातात असं सांगितलं. गोऱ्या माणसाने खाल्लं की ते भविष्यातलं अन्न होतं. आपण खाल्लं तर आपण जंगली ठरतो. आम्हाला यात हसू येत नाही, राग येतो. आणि तो राग आम्हाला स्वतःवरही येतो, कारण त्या सभेत आम्ही हसलो होतो.

दोन फासे

आता सावध व्हायची गोष्ट. या विषयात दोन फासे आहेत.

पहिला फास असा. उद्या कोणी म्हणेल, "तुमच्या जंगलात एवढं प्रथिन आहे, मग अंगणवाडीत अंडी कशाला मागता?" याला तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. अमृत आहार योजनेत लेकरांना आठवड्यातून चार अंडी ठरलेली आहेत. ती आपला हक्क आहे. मुंगी दोन-तीन महिने मिळते, वाळवी पावसाच्या चार संध्याकाळी. लेकराला भूक बाराही महिने लागते. रेशनवर धान्य मिळतं, पण डाळ-तेलाचं काय, हा प्रश्न आपण विचारतच राहू. जंगलातलं अन्न सरकारच्या जबाबदारीची भरपाई नाही.

दुसरा फास बाजाराचा. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यातल्या आदिवासींच्या लाल मुंगीच्या चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला आनंद आहे. आपल्यासारख्याच माणसांचं अन्न देशाच्या कागदावर आलं. बस्तरच्या आठवडी बाजारात चापडा पानाच्या दोन्यात विकायला असतो, बाया चार पैसे मिळवतात, तेही चांगलंच. पण बाहेरची मागणी वाढली की काय होतं ते आपण डिंकात पाहिलं, चारोळीत पाहिलं. कच्ची चार तोडून नेली, फांद्या कापल्या, झाडं गेली. मुंगीचंही तसंच होईल. एका वसाहतीची बरीच घरटी असतात, कधी अनेक झाडांवर पसरलेली. पण राणी एकाच घरट्यात असते. ती गेली की सगळी वसाहत हळूहळू संपते. म्हणून जुनी माणसं सगळी घरटी काढत नव्हती, शेंड्यावरची सोडून देत होती. हा नियम ग्रामसभेने लिहून ठेवला तर उद्या व्यापाऱ्यालाही तो लागू होईल. तोंडी राहिला तर त्याला कोण विचारतो?

आणखी एक सांगतो. ही चटणी म्हणजे औषध, तिने सगळे आजार जातात, अशा गोष्टी मोबाईलवर फिरतात. कोविडवर औषध म्हणून ती वापरा, अशी मागणी घेऊन कोणी सुप्रीम कोर्टातही गेलं होतं. २०२१ मध्ये कोर्टाने ती मागणी फेटाळली. ठीकच झालं. मुंगी अन्न आहे, अन्न म्हणूनच तिला मान पाहिजे. ताप आला तर रक्त तपासायला दवाखान्यात जा. झिंगे-खेकडे खाऊन ज्याच्या अंगावर पित्त उठतं त्याने किडे जपून खावे, त्याला याचाही त्रास होऊ शकतो. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे किडे खाऊ नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. लहान लेकरांना देताना भाजूनच द्या.

कायदा काय म्हणतो?

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. व्याख्या म्हणते, वनस्पतीपासून मिळणारं, लाकूड सोडून सगळं वनोपज. आणि पुढे यादी देते ती अशी: बांबू, वेत, टसर, कोश, मध, मेण, लाख, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं आणि अशा इतर वस्तू. आता सांगा, मध झाडाला लागतो का? मेण, लाख, टसरचा कोश ही कोणत्या वनस्पतीची फळं आहेत? हे सगळं किड्यांनी केलेलं आहे. म्हणजे किड्यांची कमाई कायद्याने आधीच आत घेतली आहे. जिचा माल शहरात विकतो ती आत आली. जिची फक्त आपल्या घरात चटणी होते ती बाहेर राहिली.

तरी वाद नको म्हणून मुंगीला दोन ठिकाणी लिहा. एक, गौण वनोपजाच्या यादीत. दोन, 'इतर पारंपरिक हक्क' या रकान्यात. कलम ३(१) मध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या इतर पारंपरिक हक्कांना जागा दिलेली आहे. त्यातून वन्यप्राण्यांची शिकार आणि त्यांना पकडणं वगळलं आहे. कोणी म्हणेल, मुंग्या काढणं ही शिकारच झाली. त्याला विचारा, वन्यप्राणी म्हणजे काय? याच कायद्यात उत्तर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत ज्याचं नाव आहे तो. लाल मुंगी त्या अनुसूचींत नाही. काही फुलपाखरं आणि भुंगे मात्र आहेत. म्हणून अर्जात मोघम 'सर्व किडे' असं लिहू नका. जे खरोखर खातो त्याचं नाव लिहा, कोणत्या महिन्यात काढतो ते लिहा, आणि कोणत्या जागेवरून आणतो ते लिहा.

जागा सगळ्यात महत्त्वाची. आपल्याच काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारलं, "पट्टे अडकून पडलेत, अपिलं पडून आहेत, अन् तुम्ही मुंग्या काय घेऊन बसलात?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर त्या टेकडीवर आहे. सामूहिक वनसंसाधनाची हद्द ठरते ती गावाच्या परंपरागत वापरावरून. गाव कुठपर्यंत चारतं, कुठपर्यंत कंद खणतं, कुठं मासे धरतं, कुठून रानफळं आणतं, हा पुरावा नियमांतच धरला आहे. खाण्याची एक वस्तू सोडली की ती आणायची वाटही नकाशातून सुटते. पुरुष सांगतात ती यादी बहुतेक विकायच्या मालाची असते. रोज चुलीवर काय चढतं ते बायांना माहीत असतं. बाया सभेत मागे बसल्या की गावाची हद्दही मागे सरकते.

आणि झाडं? मुंगी जिवंत, हिरवी, मऊ पानं ओढून एकमेकांना शिवते. शिवायला अळ्यांच्या तोंडातलं रेशीम वापरते. तिला एकमेकांना लागून असलेल्या फांद्यांचं मिसळ जंगल मानवतं. ती झाडावरचे दुसरे किडे खाऊन आंब्याची राखणही करते. चीनमध्ये तर सतराशे वर्षांपूर्वीपासून संत्र्या-लिंबाच्या बागांत राखणीला हीच मुंगी ठेवत. मिसळ जंगल तोडून एकट्या सागाच्या रांगा लावल्या की हिशेबात झाडांची संख्या भरते. पण त्यात आंबा नाही, जांभूळ नाही, चार नाही. त्या हिशेबात आपली चटणी धरलेली नसते, कारण ती आपणच कुठे लिहिलेली नसते.

तर आता काय करायचं?

येत्या ग्रामसभेत एवढं करा. ज्या गावांचा दावा अजून जायचा आहे, त्यांनी यादी पुन्हा वाचा. या वेळी यादी बायांनी सांगावी आणि पोरांनी लिहावी. महिन्यानुसार खाणं लिहा, फागुनापासून सुरुवात करा. प्रत्येक वस्तूपुढे जागेचं गावातलं नाव लिहा, मग ती जागा नकाशावर दाखवा.

म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन नियमांत पुरावा म्हणून धरलं जातं. त्यावर अंगठा घ्या, तारीख टाका.

ज्या गावांना हक्क मिळालेला आहे, त्यांनी जंगलाच्या आराखड्यात नियम लिहा. कोणती घरटी काढायची, कोणती सोडायची, कोणती झाडं तोडायची नाहीत, बाहेरच्या व्यापाऱ्याला परवानगी द्यायची की नाही, हे ग्रामसभा ठरवेल.

आणि ज्या पोरांना शाळेत लाज वाटली होती, त्यांनी घरी जाऊन ती चटणी खावी. आई वाढते तेव्हा खाली मान घालू नये.

त्या गावात आम्ही परत गेलो. सुटलेल्या टेकडीसाठी आता ग्रामसभेने ठराव घेतला आहे, नव्याने कागद लावायचं काम चालू आहे. ते किती दिवस चालेल माहीत नाही, पण सोडणार नाही. या वेळी पहिला जबाब आजीचा घेतला. लिहिणारा तोच पोरगा होता. आजीने जागेचं नाव सांगितलं, झाडांची नावं सांगितली, तिची आई तिला पहिल्यांदा कधी घेऊन गेली ते सांगितलं. पोराने सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "आता बराबर लिवलं." मग तिने अंगठा दिला.

जंगल आमचं, अन्न आमचं, कागदही आमचाच!